साठीनंतरची बाराखडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विषय दिला, 'निवृत्तीनंतरचे छंद'. खरं तर या विषयावर बोलायला आपल्या सोसायटीत माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत. बी विंगमधल्या एक भगिनी अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकल्या, त्यांना बोलवायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, पाण्यात उतरायला सांगा, स्टेजवर नको. म्हणून माझी नेमणूक झाली.

माझ्या छंदांची सुरुवात इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण ती त्यांनी सोसली आहे. बँकेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालो आणि महिन्याभरात हार्मोनियम आणली. चार महिने रोज संध्याकाळी भूप वाजवत होतो. चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये मला अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्ही पुढचा राग कधी घेणार?" हार्मोनियम भाच्याकडे गेली. त्यानंतर मी गच्चीवर बाग केली. त्या बागेचं पाणी कुठे मुरलं आणि कोणाच्या छतातून उतरलं, हे सर्वसाधारण सभेच्या मिनिट बुकात नोंदलेलं आहे. वॉटरप्रूफिंगच्या खर्चातला माझा वाटा मी त्याच महिन्याच्या मेंटेनन्सबरोबर भरला, हेही नोंदलेलं असावं अशी आशा आहे.

या दोन्ही गोष्टी वाईट नव्हत्या. पण आज मागे वळून बघताना वाटतं, वेळ घालवायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो, आणि वेळ काय, तो तसाही जातो. हार्मोनियमच्या पलीकडे माझी वाट बघणारं काही नव्हतं. तिसरी गोष्ट शिकलो ती मात्र गरज पडली म्हणून. तिच्याबद्दलच आज बोलतो.

आमचं मूळ गाव वाई तालुक्यातलं. गावच्या घराचा मागचा सोपा पावसात बसला, तेव्हा सामान हलवायला गेलो. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. फडक्याच्या गाठीत एक चिठ्ठी खोचलेली होती, आणि तिच्यावर माझ्या वडिलांच्या अक्षरात बाळबोधमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, लिहिलेलं होतं : 'जुने कागद. कामाचे नाहीत.'

आतले कागद मोडीत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. प्रत्येकाच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेलं होतं, तेवढं कळलं. त्यापुढे नुसती गोल गोल वेटोळी. मी बी.कॉम., अडतीस वर्षं बँकेत काढलेली, गहाणखतं आणि टायटल डीड्स तपासून कर्जं मंजूर केलेली. आणि माझ्या आजोबांचे कागद मला वाचता येत नव्हते! चिठ्ठीवर म्हटलंच होतं, कामाचे नाहीत. रद्दीच्या पोत्यात टाकायला मी ते उचलले. आमच्या हिनं विचारलं, "कामाचे नाहीत, तर मामंजींनी इतके जपून का बांधून ठेवले?" मला उत्तर आलं नाही. गठ्ठा पुण्याला आला. तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो.

मोडीबद्दल थोडं सांगतो, कारण तरुण मंडळींपैकी काही जणांना ती कानडी किंवा गुजराती वाटते. मोडी ही आपल्या मराठीचीच लिपी. शिवकाळातले आणि पेशवाईतले बहुतेक कागद मोडीत आहेत, आणि इंग्रजी अमलातही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमिनीचे व्यवहार, सावकारी, घरची पत्रं यांत ती चालत होती. छापायला बाळबोध आणि हातानं भराभर लिहायला मोडी, अशी वाटणी होती. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, आणि मग अक्षरं त्या रेघेला खालून लटकवत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम काही नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे 'दिन' की 'दीन' हे मागचंपुढचं बघून तुम्ही ठरवायचं. शुद्धलेखनात ज्यांचे मार्क गेले त्यांनी जरूर शिकावी.

मी वर्गाला नाव घातलं. शनिवार-रविवार, सकाळी दोन तास. शिकवणाऱ्या मॅडम इतिहासात एम.ए. झालेल्या, वयानं माझ्या मुलीपेक्षाही लहान. वर्गात कॉलेजची मुलं, दोन वकील, एक शाळामास्तर आणि मी. पहिल्या दिवशी त्या मला 'काका' म्हणाल्या, तेव्हा बरं वाटलं. शेजारच्या मुलानं 'आजोबा' म्हटलं, तेव्हा तितकं नाही.

लोक म्हणतात, शिकायला वय नसतं. हे भाषणात बोलायला ठीक आहे. वय असतं, मित्रहो. ती मुलं एका रविवारी बाराखडी घेऊन गेली आणि पुढच्या शनिवारी तोंडपाठ करून आली. मला तेवढ्याच बाराखडीला सात आठवडे लागले. सकाळी पक्की झालेली अक्षरं संध्याकाळी निसटलेली असायची. 'र'नं तर छळलं. शेजारचं अक्षर बदललं की हा गृहस्थ आपलं रूप बदलतो. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मध्येच आलं, तेव्हा तीन आठवडे गेले. सरावासाठी मी सोसायटीच्या सर्क्युलरच्या पाठकोऱ्या बाजू वापरल्या. 'पाण्याचा पुरवठा उद्या बंद राहील' याच्या मागे माझी बाराखडी, अशी दोन बाडं आजही घरात आहेत.

पहिल्या परीक्षेत नापास झालो. बँकेच्या सीएआयआयबीच्या परीक्षेतसुद्धा मी कधी नापास झालो नव्हतो. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून निकाल लागलाच नाही असं सांगितलं. दोन दिवसांनी नातवानं मोबाइलवर निकाल काढून सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

तरी एक गोष्ट माझ्या बाजूची होती. कागदातली भाषा त्या मुलांना परकी होती, मला नव्हती. एका सरावाच्या उताऱ्यात एक लांबलचक ओळ होती. मी ती मोठ्या कष्टानं लावली, आणि वर्गात विचारलं, "हे जलतरू कोण? सरदार का?" वर्ग हसला. ते होतं 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप'. जमीन देताना तिच्यातलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेलं धनसुद्धा देत आहोत, असं सांगणारी ठराविक शब्दांची ओळ. शब्द सुटे लिहीत नाहीत म्हणून माझा सरदार झाला. पण एकदा उलगडल्यावर मला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या मॉर्गेज डीडमध्ये हेच सगळं इंग्रजीत असायचं.

कालगणना हा वेगळा प्रकार. पेशवाईच्या कागदात सुहूर सन येतो, आणि तो आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहितात. 'सन सबैन मया व अलफ' म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७०. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७६९-७०. मी हे शब्द पाढ्यांसारखे म्हणत घरात फिरायचो. ही म्हणायची, "हार्मोनियम परवडली."

वर्गातच पेशवे दप्तराची हकिगत कळली. हे दप्तर आपल्या पुण्यातच, पुरालेखागारात आहे. कोट्यवधी कागद, रुमालात बांधलेले. गठ्ठा बांधायचा कपडा तो रुमाल, आणि गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. बडोद्याच्या महाराजांची नोकरी संपवून ते १९२५ साली निवृत्त झाले, तेव्हा साठ वर्षांचे होते. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले ते त्यानंतर. आणि मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास त्यांनी पुरा केला तेव्हा ऐंशी ओलांडली होती. ते काही माझ्यासारखे साठीनंतर बाराखडी गिरवत बसले नव्हते, त्यांना मोडी आयुष्यभर येत होती. पण निवृत्तीनंतर माणसानं फक्त बागेतल्या बाकावर बसायचं असतं, असं कोणी म्हणालं की मी हे नाव सांगतो.

दीड वर्षानं मी लाल फडकं सोडलं.

आता एक घरगुती गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या आजोबांना एक धाकटे भाऊ. गावाला विहिरीवरचा मळा होता, दोघांचा निम्मा निम्मा. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य असं, की धाकट्यानं थोरल्याचा मळा खाल्ला. आजी वडिलांना हे सांगत आली, वडील आम्हाला सांगत आले. त्या घराशी बोलणं नाही. लग्नाची पत्रिका नाही, हळदीकुंकू नाही. गावच्या जत्रेत समोरून ती मंडळी आली की आम्ही पालखीकडे बघायचो. वडील गेले तेव्हा त्यांच्याकडून कोणी आलं नाही, आणि आम्हीही कळवलं नव्हतं.

गठ्ठ्यातला पहिला कागद १९२१ सालचं गहाणखत. आजोबांनी मळ्यातला आपला हिस्सा गावच्या सावकाराकडे चारशे रुपयांना गहाण टाकलेला. कारण लिहिलेलं होतं, बहिणीच्या लग्नाकरिता. हा कागद वाचायला मला अकरा दिवस लागले.

दुसरा कागद लहान, पावती. १९२९ सालची. खाली एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट, त्यावर बादशहाचं डोकं आणि आडवी सही. वीस रुपयांवरच्या पावतीला तेव्हा एक आण्याचं तिकीट लागायचं. सावकार लिहितो, मुद्दल आणि व्याज मिळून भरून पावलो. रक्कम मी वाचली ९२५. पण जुन्या कागदात रक्कम लिहिली की तिची निम्मी रक्कमही लिहायची रीत होती, कोणी पुढे आकडा बदलू नये म्हणून. चेकवर आपण अक्षरी रक्कम लिहितो ना, तसंच. इथे लिहिलं होतं, निमे ३१२॥. पुढच्या दोन दांड्या म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. तीनशे साडेबाराची दुप्पट होते सहाशे पंचवीस. माझा ९ म्हणजे ६ होता. काय सांगू, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला मनातल्या मनात सलाम केला.

आणि मग शेवटची ओळ. पैसे कोणाच्या खात्यावर, तर आजोबांच्या. 'हस्ते', म्हणजे कोणी आणून भरले, तर धाकट्या भावाचं नाव.

मी काउंटरवर उमेदीची वर्षं काढली आहेत. खातं कोणाचं आणि भरणा करणारा कोण, हे वेगळं असतं हे मला कोणी शिकवायला नको. तरी ते नाव मी चार वेळा सुटं सुटं करून वाचलं. मग मॅडमना दाखवलं. त्यांनी अर्ध्या मिनिटात तेच वाचलं.

तिसरा कागद हा एका खरेदीखताचा कच्चा मसुदा, खाडाखोड केलेला, आजोबांच्या स्वतःच्या हातचा. गहाण सुटलेला हिस्सा मी राजीखुशीनं धाकट्या भावाच्या नावे करून देत आहे, त्याने माझे देणे फेडले, अशा अर्थाचा मजकूर. त्यात विहिरीच्या पाण्याबद्दल एक शब्द मला काही केल्या लागेना. मी 'मोठ' वाचत होतो. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "विहिरीचं लिहिलंय ना? मग मोट असेल." मोटच होती.

तर, मळा कोणी खाल्ला नव्हता.

हे कळल्यावर आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही झाला. कारण माझे वडील त्या काळची व्हर्नाक्युलर फायनल झालेले होते. त्यांना मोडी उत्तम येत होती, लहानपणी मी त्यांना दुकानाची यादी मोडीत करताना बघितलंय. आणि गठ्ठ्यात ती चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात. 'कामाचे नाहीत' हे त्यांनी कागद न वाचता लिहिलं, की वाचून लिहिलं? आईनं सांगितलेली गोष्ट खरी धरून फडकं सोडलंच नाही, की सोडलं, वाचलं आणि पुन्हा गाठ मारली? हा प्रश्न मी हिला विचारला. ती म्हणाली, "वाचून टाकून दिले नाहीत, एवढं तरी बघा." मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचे चार महिने मी काहीच केलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, नव्वद वर्षं झाली, आता कशाला?" त्याचंही चूक नव्हतं. पण बँकेत दिवसाचा हिशेब एका रुपयानं चुकला तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसून तो शोधायचो. सापडलेली चूक तशीच ठेवून घरी जायची सवय मला नाही.

शेवटी स्वारगेटवरून वाईची एसटी धरली. त्या घरात आता सगळ्यांत मोठे म्हणजे माझे चुलत चुलतभाऊ, वय ब्याऐंशी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, म्हणजे म्हटलं असतं, बोलणं असतं तर. दार त्यांच्या मुलानं उघडलं. नाव सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "काका, सातबाऱ्याचं काही काम होतं का?" त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे आम्ही असंच बघायचो. मी म्हटलं, काही मागायला आलो नाही, एक पावती दाखवायला आलोय.

दादा पलंगावर बसले होते. मी कागद वाचला, एकेक शब्दावर बोट ठेवून. 'हस्ते' आल्यावर ते म्हणाले, "हे आम्हाला माहिती आहे. आमच्याकडं सांगायचे, थोरल्यानं चारशे रुपये उधळले आणि आमच्या आजोबांनी ते फेडले." मग मी गहाणखत काढलं आणि कारण वाचलं. बहिणीच्या लग्नाकरिता. ती बहीण दोघांची. दादांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "म्हणजे आमच्या आत्याआजीचं लग्न?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर कोणी तरी मोटारसायकल सुरू करत होतं, तेवढाच आवाज.

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. त्या घरात मी घेतलेला तो पहिला चहा. साखर फार होती, आणि मला मधुमेह आहे, पण मी कप खाली ठेवला नाही.

निघताना दादांनी कपाटातून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात त्यांच्या घरचे सात मोडी कागद. म्हणाले, "घेऊन जा. आमच्यात कुणाला येत नाही." सातबाऱ्याचं विचारणाऱ्या मुलानंच ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले, आणि एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला.

मला विचारतात, काका, आम्हीही शिकू का? जरूर शिका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापन केलेलं. तिथे मोडीचे वर्ग होतात. राज्य शासनाचं पुराभिलेख संचालनालयही वर्ग आणि परीक्षा घेतं. ज्यांच्या गावच्या माळ्यावर ट्रंक आहे त्यांनी आधी ट्रंक उघडावी आणि मग वर्गाला जावं. ज्यांच्याकडे ट्रंक नाही त्यांनी मोडीच्या मागे लागू नये, सरळ पोहायला शिकावं. बी विंगमधल्या भगिनी शिकवायला तयार आहेत, मी विचारलंय.

दादांच्या सात कागदांपैकी तीन लागले. एक बैलाच्या खरेदीचा, दोन शेतसाऱ्याच्या पावत्या. चौथ्यावर नेमकं मधोमध पाणी सांडलेलं आहे. शेवटच्या ओळीत आमच्या आजोबांचं नाव दिसतं, पण त्याआधीचा शब्द जातोय. भिंग लावून झालं, फोटो मोठा करून झाला, मॅडमनाही दाखवला. दर रविवारी दुपारी चार वाजता दादांचा फोन येतो, "काय रे, लागला का शब्द?"

आज रविवार आहे आणि पावणेचार झालेत. तेव्हा आपली रजा घेतो.